आठवड्याचे १२ तास मशीनचे, १५६ घरचे

पत्र: माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून शुगर आहे, बीपीही आहे. जूनमध्ये दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. सध्या गळ्यातल्या नळीतून करतात. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली शीर) करून महिना झाला. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६२ किलो सांगितलंय, पण दर सोमवारी चार किलो जास्त भरतं. तिसऱ्या तासाला पायात गोळे येतात, बीपी पडतं. आता ते म्हणतात, लघवी तर होतेय, बरंही वाटतंय, मग आठवड्यातून दोनदाच करू. डॉक्टरांनी पूर्वी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं म्हणून सासूबाईंनी डाळ बंद केलीये. भेटायला येणारे शहाळी आणतात, एकांनी काढा दिलाय. श्रावणी सोमवार सोडायला मिस्टर तयार नाहीत. मुलगा १९ वर्षांचा, तो 'मी किडनी देतो' म्हणतो. मिस्टर खासगी कंपनीत स्टोअरला आहेत, मी घरी पोळीभाजीचे डबे करते. पैसे किती दिवस पुरणार कळत नाही. काय करू?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर:

ताई,

सगळ्यात आधी मिस्टरांच्या मागणीचं. तीनाचे दोन करू नका. काही पेशंटना सुरुवातीला डॉक्टर स्वतःच आठवड्यातून दोनदा डायलिसिस देतात. पण ते २४ तासांची लघवी गोळा करून, मोजून आणि तपासून ठरतं, बरं वाटतंय यावरून नाही. तुमच्याकडे तर वजनकाट्यानंच उत्तर दिलंय. शुक्रवार ते सोमवार चार किलो वाढत असेल, तर होणारी लघवी पुरत नाहीये. शिवाय लघवी दिसली म्हणजे किडनी काम करते असं नसतं. खराब झालेल्या किडनीतून पाणी बाहेर पडतं, पण जे जायला हवं ते पोटॅशियम, फॉस्फरस, युरिया पुरेसं जात नाही. त्यांना बरं वाटतंय ते डायलिसिस होतंय म्हणून वाटतंय.

चांगल्या किडन्या आठवड्याचे १६८ तास चालू असतात. मशीन १२ तास चालतं. त्या १२ तासांत बघायला टेक्निशियन, नर्स, डॉक्टर असतात. उरलेले १५६ तास तुमच्या घरात जातात, आणि सोमवारी पायात गोळे येणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरतं. म्हणून माझं निम्मं उत्तर स्वयंपाकघराबद्दल आहे.

आधी पायात येणाऱ्या गोळ्यांचा हिशोब. वाढलेले चार किलो म्हणजे अंगावर मांस चढलेलं नाही, ते चार लिटर पाणी आहे. चार तासांत ते काढायचं तर तासाला एक लिटर. पाणी काढण्याचा सुरक्षित वेग साधारण किलोमागे तासाला १० ते १३ मिली धरतात. ६२ किलोच्या माणसाला तासाला फार तर ८०० मिली, म्हणजे चार तासांत सव्वातीन लिटरच्या आत. मशीन पाणी ओढतं ते रक्तातून. पायावरच्या सुजेतलं, पोटातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. त्याआधीच रक्तातलं पाणी कमी झालं की बीपी कोसळतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. मिस्टरांना वाटतं डायलिसिसमुळे त्रास होतो, म्हणून डायलिसिस कमी करू. पण एक दिवस कमी झाला की दोन सेशनमधलं अंतर वाढतं, पाणी आणखी साठतं, पुढच्या वेळी आणखी जोरात ओढावं लागतं. त्रास कमी व्हायचा तर वाढतो. शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातलं सगळ्यात लांब अंतर असतं आणि डायलिसिसच्या पेशंटना हृदयाचे झटके याच अंतराच्या शेवटी जास्त येतात. बुधवार वगळला तर असं लांब अंतर आठवड्यातून दोनदा येईल, आणि सोमवार ते शुक्रवारचं तर याहूनही लांब.

सोमवारी चार किलो भरलंच, तर चार तासांऐवजी पाच तास लावता येतील का, किंवा एक जादा सेशन मिळेल का, हे विचारा. मशीनमधल्या द्रावणाचं तापमान अर्धा-एक अंशानं कमी केलं तरी काहींचं बीपी टिकतं. बीपीच्या गोळ्या सेशनच्या दिवशी सकाळी घ्यायच्या की नंतर, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. मशीनवर असताना पोटभर जेवण नको, रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी आणखी पडतं. ड्राय वेट ६२ हा आकडाही कायमचा नसतो. दोन महिन्यांत भूक सुधारून खरंच वजन वाढलं असेल, तर ६२ पर्यंत उतरवणं म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी काढणं. त्यानंही गोळे येतात. पुढच्या भेटीत 'ड्राय वेट पुन्हा बघता का?' एवढं विचाराच.

आता पाणी. 'पाणी कमी प्या' म्हणून कोणाची तहान भागत नाही. तहान लावतं मीठ, आणि शुगर वाढलेली असेल तर शुगर. साधारण नऊ ग्रॅम मीठ शरीरात गेलं की ते एक लिटर पाणी धरून ठेवतं. सलाइनच्या बाटलीत हेच प्रमाण असतं. मिस्टरांना दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापेक्षा जास्त मीठ नको. डब्यांसाठी तुम्ही भाजी मोठ्या प्रमाणात करता. मीठ घालायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढा आणि तिच्यात मोजून चिमूटभर घाला. भाकरीत मीठ नसतं, पोळीच्या कणकेत आपण घालतो, तेव्हा त्यांच्यापुरती कणीक अळणी मळा. चव यायला लसूण, जिरं, मिरं, ओली मिरची, लिंबाचे दोन थेंब. लोणचं, पापड, सांडगे, कुरडया, फरसाण, बाकरवडी, खारी, पाव यांत मीठ दिसत नाही, पण ते पाणी धरून ठेवतंच. सैंधव मीठही मीठच आहे. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीच्या माणसाला ते कोणी आवर्जून सुचवेल, पण डायलिसिसच्या पेशंटचा जीव त्यानं जाऊ शकतो.

पाणी किती द्यायचं? येत्या शनिवारी सकाळी सातला पहिली लघवी टाकून द्या आणि तिथपासून रविवारी सकाळी सातपर्यंतची सगळी एका भांड्यात मोजा. जितकी भरेल तितकी अधिक ५०० मिली, हा दिवसाचा कोटा. ४०० भरली तर ९००. यात नुसतं पाणी नाही; चहा, ताक, आमटी, सूप, दूध, औषधाबरोबरचा घोट, बर्फ, सगळं धरायचं. रोज सकाळी कोट्याइतकं पाणी एका बाटलीत भरा. ते जे काही पितील तेवढं बाटलीतून ओतून टाका, पाणी प्यायले तर बाटलीतलंच द्या. वाटीभर आमटी म्हणजे साधारण १५० मिली. दुपारी बाटली अर्ध्यावर आलेली डोळ्यांना दिसली की सांगावं लागत नाही. घरातला तांब्या-भांडं त्यांच्यापुरतं बाजूला ठेवा आणि लहान कप द्या. घसा कोरडा पडला तर गुळण्या, लिंबाची फोड चघळणं, बर्फाचा एक खडा चालेल. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. एका दिवसात एक किलोच्या वर वाढू नये. सोमवारी ६४ ते ६४.५ भरलं तर काम जमलं समजा.

श्रावणी सोमवारचं मी सविस्तर लिहितो, कारण धोका सगळ्यात जास्त तिथे आहे आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. डायलिसिसवर असलेल्यानं दिवसाला साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत पोटॅशियम घ्यावं असं सांगतात. आता उपासाचं ताट बघा. एका शहाळ्याच्या पाण्यात ६०० च्या आसपास, एका केळ्यात ३५० ते ४००, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ४००, मूठभर शेंगदाण्यांत २००, चार खजुरांत पुन्हा २००. बेरीज १७०० च्या वर गेली, आणि यात रताळं, राजगिरा, दाण्याची आमटी धरलीच नाही. हे सगळं दोन दिवसांच्या खंडानंतर, पोटॅशियम आधीच सगळ्यात वर असताना, सोमवारी सकाळी. रक्तातलं पोटॅशियम तपासणीत साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाची लय बिघडते, आणि ते कधी कधी कोणतंही लक्षण न दाखवता होतं. शिवाय उपासाला पोट रिकामं, इन्सुलिन चालू असेल तर सकाळचं घेतलेलं, वर चार तासांचं डायलिसिस. शुगर आणि बीपी एकदमच खाली येतात.

उपास मोडायला सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, हे तुमच्या पत्रातून दिसतंय. तेव्हा उपास ठेवा, ताट बदला. वरीचा भात आणि त्यावर दोन चमचे दही, बरोबर थोडं पनीर. साबुदाणा चालतो, तो पोटॅशियमला गरीब आहे; खिचडीत बटाटा नको, दाण्याचं कूट एक चमचा. फळ हवं तर अर्धं सफरचंद, नासपतीची फोड किंवा अननसाची एक चकती. शहाळं, केळं, मोसंबी, चिकू, आंबा, खजूर, सुका मेवा नको. करमळ म्हणजे स्टारफ्रूट, शाळेबाहेर हातगाडीवर तिखट-मीठ लावून मिळतं ते, किडनीच्या पेशंटच्या तोंडात एक फोडसुद्धा जाऊ नये. त्यातलं विष मेंदूवर जातं. आधी उचकी लागते, मग भान हरपतं, झटके येतात.

रोजच्या भाज्यांचं म्हणाल तर आपली चांगली पद्धतच इथे आड येते. झाकणावर पाणी ठेवून अंगच्या पाण्यात भाजी शिजवली की पोटॅशियम सगळं भाजीतच राहतं. त्यांची भाजी बारीक चिरा, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी फेका, नव्या भरपूर पाण्यात उकळा, तेही फेका आणि मग फोडणी द्या. बटाट्याचं साल काढून पातळ चकत्या करा. यानं सगळं पोटॅशियम जात नाही, बरंच जातं. टोमॅटो, पालेभाज्या आणि त्यांचे रस मात्र कमीच.

डाळ बंद केली हे सासूबाईंनी मायेनं केलं, आणि मे महिन्यात ते बरोबर होतं. डायलिसिसच्या आधी किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे किडनीवर ताण कमी. डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. दर सेशनला प्रोटीनचे घटक रक्तातून निघून जातात, म्हणून आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं, म्हणजे मिस्टरांना ६२ ते ७५ ग्रॅम. डाळ बंद ठेवली तर दंड-मांड्या बारीक होतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन उतरतं, इन्फेक्शन धरतं. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमच्या नको. घट्ट वरणाची एक वाटी साधारण ६ ग्रॅम, एका अंड्याचं पांढरं साडेतीन ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम, एक पोळी ३ ग्रॅम, शिजलेले मासे किंवा चिकन १०० ग्रॅमला २५ च्या आसपास. शाकाहारी ताटात ७० ग्रॅम बसवणं कठीण आहे. फॉस्फरस वाढवणारं दूध वाढवत बसण्यापेक्षा रोज तीन-चार अंड्यांचं पांढरं चालत असेल तर ते घ्या, चालत नसेल तर किडनीसाठीची प्रोटीन पावडर आहारतज्ज्ञांना विचारून. डाळही भिजवून, ते पाणी टाकून शिजवा. फॉस्फरससाठीच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणाच्या पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबरच. अन्नातला फॉस्फरस पोटातच धरायचं त्यांचं काम असतं, रिकाम्या पोटी घेतल्या तर काही उपयोग नाही.

किडनी गेली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. जुना डोस चालू असेल तर शुगर खाली जाते, विशेषतः पहाटे. शुगरसाठीची मेटफॉर्मिनची गोळी अजून पाकिटात असेल तर उद्याच डॉक्टरांना दाखवा, डायलिसिसच्या पेशंटला ती देत नाहीत. शुगर ७० च्या खाली आली तर ज्यूस किंवा शहाळं देऊ नका. तीन चमचे साखर पाव कप पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ही पुडी त्यांच्या डायलिसिसच्या पिशवीत कायम असू द्या.

पेशंटला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपल्याकडे रीत आहे, त्यात वाईट हेतू कोणाचा नसतो. पण नुसतं 'नको' म्हटलं की वाद होतो. त्याऐवजी माणसांना काम सांगा. शुक्रवारी सेंटरवरून घरी आणायला कोण येईल? चार तास त्यांच्याजवळ कोण बसेल, म्हणजे तुमचे डबे चुकणार नाहीत? सेशननंतर काही तास अंग गळून गेलेलं असतं, त्यांनी स्वतः गाडी चालवणं बरं नाही. सोसायटीत तीन घरांनी एकेक वार वाटून घेतला तरी तुमचा आठवडा सुटतो. काढ्याचं मात्र स्पष्ट नाही. पुनर्नवा असो, गोखरू असो, कुळथाचं पाणी असो की गव्हांकुराचा रस, हे सगळं पाणी आणि पोटॅशियम आहे, आणि भस्म असेल तर वर धातू. बंद पडलेली किडनी काढ्यानं चालू होत नाही. तो घेऊन डायलिसिस थांबवलेली माणसं शेवटी इमर्जन्सीत येतात, श्वास लागलेला असतो.

आता गळा आणि हात. गळ्यातली नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. ती भिजू देऊ नका, आंघोळ कमरेखाली आणि वर ओल्या फडक्यानं पुसून. ड्रेसिंग सेंटरवरच, टोप्या आणि चिमटे कोणी उघडू नयेत. थंडी वाजून ताप आला, मग तो मशीनवर असताना असो की रात्री दोनला, नळीतलं इन्फेक्शन धरून त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच फिस्टुला लवकर तयार व्हायला हवा.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची धमनी शिरेला जोडलेली असते. धमनीचा जोर मिळून शीर फुगते, जाड होते, आणि मग दर सेशनला सुया पेलू शकते. याला निदान सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेहात कधी जास्त. टाके भरल्यावर, सर्जनांनी परवानगी दिली की मऊ चेंडू दाबायचा व्यायाम, दिवसातून चार-पाच वेळा. रोज सकाळी आणि झोपताना दोन बोटं जोडावर ठेवा. मांजर मांडीवर गुरगुरतं तशी थरथर लागायला हवी. ही थरथर ओळखायला तुम्ही, मुलगा आणि सासूबाई, तिघंही शिका. ती गायब झाली तर आत गुठळी झाली. काही तासांत सर्जनकडे गेलात तर ती काढता येऊ शकते, दोन दिवसांनी गेलात तर नवा फिस्टुला करावा लागतो. सेशननंतर बीपी पडून रात्रभर तसंच राहिलं की गुठळी होते, म्हणजे पुन्हा त्या चार किलोंचाच प्रश्न. डाव्या हातावर बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाइन नाही, घड्याळ-गंडा-कडं नाही, भाजीची जड पिशवी नाही, त्या हातावर डोकं ठेवून झोप नाही. सुया लागायला लागल्या की घरी आल्यावर रक्त झिरपू शकतं. स्वच्छ कापसानं नेमक्या भोकावर अंगठ्यानं १५ मिनिटं, मध्ये न बघता, दाबून धरा. टॉवेल गुंडाळून काही होत नाही, रक्त आत वाहतच राहतं. धार लागली तर दाबूनच ठेवा, हात वर धरा आणि १०८ ला फोन.

आडवं झाल्यावर श्वास लागणं, पायांतली शक्ती जाणं, छातीत धडधड, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या सेशनची वाट पाहायची नाही. दारात गेल्या गेल्या एकच वाक्य सांगा: 'डायलिसिसचे पेशंट आहेत, ईसीजी आणि पोटॅशियम आधी बघा.' फाइलच्या पहिल्या पानावर ड्राय वेट, फिस्टुल्याचा हात, चालू औषधं, रक्तगट आणि सेंटरचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या नकोत. उरलेली थोडी लघवी हीच आता कमाई आहे आणि या गोळ्या ती घालवतात. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. हेपटायटिस बी ची लस सुरू झाली आहे का तेही बघा. डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट डोस देतात, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. डायलिसिस पुरेसं होतंय का हे कळायला महिन्यातून एकदा सेशनच्या आधी आणि नंतर युरिया तपासतात. तो निदान ६५ टक्क्यांनी उतरायला हवा.

गणपतीत सेंटरला जायचा रस्ता आत्ताच ठरवून ठेवा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सेंटर मध्यवस्तीत असेल आणि तो वार तुमचा येत असेल, तर सेशन आदल्या दिवशी घ्यायला आठवडाभर आधी सांगा. सेशन चुकवायचं नाही, पुढे ढकलायचंही नाही.

पैशांचं. मिस्टरांचा पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल, तर बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमधून डायलिसिसची सोय होते. क्रॉनिक रीनल फेल्युअर हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर कामावर न गेलेल्या दिवसांची ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कंपनीच्या एचआरला हे उद्याच विचारा. ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, डायलिसिस त्यात येतं, आणि आता केशरी-पिवळ्याबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. तुमचं सेंटर योजनेत आहे का, कोणती इंजेक्शनं आणि तपासण्या पॅकेजबाहेर आहेत, हे लेखी घ्या. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, इथेही चौकशी करा. कमी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळत असेल तर महापालिकेची शहरी गरीब योजना आणि मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांतल्या राखीव खाटा, दोन्ही मागता येतात. त्यासाठी बिलिंगच्या खिडकीवर नाही, मेडिकल सोशल वर्करकडे जायचं.

मुलानं किडनी देण्याची तयारी दाखवली, ही मोठी गोष्ट आहे. पण घाई नको. वडिलांना मधुमेह असल्यानं पुढे त्यालाही होण्याची शक्यता असते, म्हणून इतक्या लहान वयाच्या मुलाची किडनी घ्यायला डॉक्टर का-कू करतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार तुम्ही स्वतः, मिस्टरांची भावंडं, आई, सगळे जवळचे नातेवाईक आहात. तुमची तयारी असेल तर आधी तुमची आणि त्यांच्या भावंडांची तपासणी करा. रक्तगट जुळला नाही तरी वाट बंद होत नाही. तशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल कायद्यानं करता येते. त्याच वेळी हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या, प्रतीक्षायादीत नावही घाला. ही यादी हळू सरकते, म्हणून नाव आज लागलेलं बरं. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून कोणी रक्त चढवायला निघालं, तर 'ट्रान्सप्लांटचा विचार आहे' असं सांगा. दुसऱ्याचं रक्त मिळालं की शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि पुढे किडनी जुळणं अवघड होतं. आधी रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह यांनी काम भागतं का ते बघतात.

तपासणीचं निघालंच आहे तर मिस्टरांच्या भावंडांना आणि मुलाला, शुगर-बीपी असो नसो, दोन तपासण्या करायला लावा: रक्तातलं क्रिएटिनीन ईजीएफआरसह (किडनी किती गाळते त्याचा आकडा), आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण. ही दुसरी तपासणी सहसा कोणी सांगत नाही, पण आजार आधी तिथे दिसतो. ते ३० च्या वर आलं तर दुखत काही नसतं, पायावर सूज नसते, क्रिएटिनीनही नॉर्मल असू शकतं, आणि तेव्हाच औषधांनी पुष्कळ वर्षं वाचवता येतात. मिस्टरांचं हे १४ वर्षांत कोणी बघितलं होतं का, हा प्रश्न आता विचारून उपयोग नाही. त्यांच्या भावंडांचं आणि मुलाचं मात्र बघता येईल.

मिस्टरांशी दोन की तीन यावर आणखी वाद घालू नका. त्यांना म्हणा, दोन आठवडे मी सांगते तसं मीठ आणि बाटली पाळा, मग बोलू. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारच्या चौकटीत त्यांच्याच हातानं दोन गोष्टी लिहू द्या: सकाळचं वजन आणि पायात गोळे आले की नाही.